खुर्ची लहान, सही मोठी

लहान गावातलं राजकारण हा आपल्याकडे थट्टेचा विषय असतो. बोरगावच्या बसस्टँडवर किंवा निपाणीत चहाच्या गाड्यावर जरा वेळ बसलं, की कोण किती मतांनी पडला, कोणाच्या पॅनेलने कोणाला चितपट केलं, कोणाच्या मळ्यात जेवणावळी झाल्या, याच्या गोष्टी तासन्‌तास चालतात. पण निवडून आलेल्याने पुढे त्या पदाचं केलं काय, असं विचारलं की सगळे हसतात. ''मेंबरच्या हातात काय हाय रे? वरनं येतंय ते खाली लावायचं, एवढंच.''

हे वाक्य मी घरात ऐकलंय, सोसायटीच्या ओट्यावर ऐकलंय, आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकणाऱ्या मित्रांच्या तोंडूनही ऐकलंय. माझा हा लेख त्या एका वाक्याच्या विरोधात आहे. माझं म्हणणं असं की लहान पदावरच्या माणसाच्या हातात पुष्कळ काही असतं. वाईट काळात तर त्याच्या हातात जे असतं ते राजधानीतल्या मंत्र्याच्या हातातही नसतं.

हिटलरच्या काळाबद्दल आपण शाळेत वाचतो तेव्हा हिटलर, गोबेल्स, छळछावण्या, महायुद्ध एवढंच लक्षात राहतं. पण एवढं मोठं राज्य चार-दोन माणसं चालवू शकत नाहीत. खेडोपाडी कोणीतरी यादी करत होतं, कोणीतरी शिक्का मारत होतं, कोणीतरी मतं मोजत होतं. त्या लहान माणसांचं काय झालं, त्यांनी काय केलं, हे वाचायला लागल्यावर मला वाटलं की हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा आहे. तसा तो लांबचा नाही. जवळजवळ त्याच वर्षांत, आपल्या चोर्ला घाटाच्या खाली, एका युरोपी हुकूमशहाचं राज्य चालू होतं आणि तिथेही लहान लहान पदांवर आपल्यासारखीच माणसं बसलेली होती.

गोवा आपल्याला जवळचा. बेळगावची भाजी आणि दूध रोज घाट उतरून तिकडे जातं. आपला बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली वेगळा झाला, त्याआधी इथल्या बऱ्याच चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. सुट्टी लागली की आपल्यातले निम्मे जण तिकडेच पळतात. पण १९३२ साली पोर्तुगालचा पंतप्रधान झालेला सालाझार १९६८ पर्यंत सत्तेवर होता, त्यातली जवळजवळ तीस वर्षं गोवा त्याच्या मुठीत होता, हे आपल्याला माहीत नसतं. एकच पक्ष, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सभेला बंदी, गुप्त पोलीस, आणि राजकीय कैद्यांना समुद्रापार पोर्तुगालच्या किल्ल्यांत धाडणं असा तो कारभार होता. सालाझार म्हणजे हिटलर नव्हे, त्याने गॅस चेंबर बांधले नाहीत. पण ''तोंड बंद ठेवलंस तर सुखाने राहशील'' हा सौदा दोन्हीकडे सारखाच होता.

या राज्यात लहान गावच्या राजकारणी माणसाने काय करावं? मला गोव्याच्या इतिहासात याची तीन वेगवेगळी उत्तरं सापडली.

पहिलं उत्तर लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं. चांदोर गावचा हा माणूस. जन्म १८७८ चा. पत्रकार होते. १९०० साली निघालेल्या 'ओ हेराल्दो' या दैनिकाच्या संस्थापकांपैकी ते एक. पुढे गोव्याच्या विधिमंडळात सभासद झाले. ते विधिमंडळ म्हणजे काय फार मोठी ताकदवान संस्था नव्हती. गव्हर्नरच्या मर्जीपुढे तिचं काही चालत नसे. १९३० साली पोर्तुगालने वसाहतींसाठी नवा कायदा आणला. वसाहतीतल्या लोकांचं स्थान दुय्यम, आणि त्यांच्यावर राज्य करणं व त्यांना 'सुधारणं' हे पोर्तुगालचं जन्मसिद्ध काम, असा त्याचा अर्थ होता. ४ जुलै १९३० रोजी मिनेझिस ब्रागांझांनी विधिमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला. स्वतःचं भवितव्य स्वतः ठरवण्याचा हक्क या भूमीने सोडलेला नाही, असा त्याचा आशय होता.

ठरावाने काय झालं? व्यवहारात काहीच नाही. कायदा लागू झाला. त्यांचं 'प्रकाश' हे साप्ताहिक सरकारने १९३७ मध्ये बंद पाडलं आणि पुढच्याच वर्षी ते वारले. आपल्या चहाच्या गाड्यावरचा माणूस म्हणेल, ''मग उपयोग काय झाला?'' उपयोग असा झाला, की सोळा वर्षांनी गोव्यात चळवळ उभी राहिली तेव्हा कोणी म्हणू शकलं नाही की हे मुंबईहून आलेल्या लोकांचं खूळ आहे. गोव्याच्याच सभागृहात, गोव्याच्याच प्रतिनिधीने, ते आधी नोंदवून ठेवलं होतं. पणजीतली 'इन्स्तितूत वास्को द गामा' ही जुनी संस्था आज इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा या नावाने ओळखली जाते. वास्को द गामाचं नाव जाऊन चांदोरच्या माणसाचं नाव लागलं.

दुसरं उत्तर डॉ. फ्रोयलानो द मेलो यांचं, आणि मला हे सगळ्यात अवघड वाटतं. बाणावलीत १८८७ साली जन्मलेला हा डॉक्टर जंतुशास्त्रातला मोठा संशोधक. गोव्याच्या मेडिकल स्कूलचा प्रमुख. कुष्ठरोगी म्हणजे गावाबाहेर हाकलायचा माणूस अशी समजूत होती, त्या काळात त्यांनी १९३४ साली माकाझान इथे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभं केलं. आणि १९३८ ते १९४५, म्हणजे बरोबर हिटलरच्या युद्धाच्या वर्षांत, ते पणजीचे नगराध्यक्ष होते.

सालाझारच्या राज्यात नगराध्यक्ष! म्हणजे सरकारच्या मर्जीशिवाय ती खुर्ची टिकणं शक्य नव्हतं. त्यांनी तिथे बसून शहर स्वच्छ केलं, झाडं लावली, मलेरियाशी झगडा केला. १९४५ मध्ये ते लिस्बनच्या नॅशनल असेंब्लीत गोवा, दमण, दीवचे प्रतिनिधी म्हणून निवडून गेले, तेही अपक्ष. जिथे सगळे एकाच पक्षाचे, तिथे हा एकटा गोमंतकीय डॉक्टर उभा राहून आपल्या लोकांना दुय्यम लेखणाऱ्या कायद्यांविरुद्ध बोलला. बोलण्याने कायदे पडले नाहीत. पुढे ते ब्राझीलला निघून गेले आणि १९५५ साली तिकडेच वारले.

आता ठरवा, हा माणूस सरकारचा की लोकांचा? स्वातंत्र्याच्या चळवळीतला माणूस म्हणेल, हुकूमशहाची खुर्ची घेतली म्हणजे त्याचं राज्य सजवलं. पणजीतला मलेरियाने फणफणलेला गरीब माणूस म्हणेल, तुमची चळवळ तुमच्यापाशी, माझ्या पोराला या माणसाने वाचवलं. माझ्या मते दोघांचंही खरं आहे. चांगलं काम करणारा माणूस वाईट राज्याला थोडी अब्रू देतोच. पण तो बाजूला झाला तर ती खुर्ची रिकामी राहत नाही. तिच्यावर ज्याला झाडंही लावायची नाहीत असा कोणीतरी बसतो.

तिसरं उत्तर त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांचं. हेही चांदोरचेच. पॅरिसमध्ये इंजिनिअरिंग शिकून आले आणि १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियाव मिनेझिस यांनी बंदी मोडून सभा घेतली, आणि त्यानंतरच्या धरपकडीत कुन्हांना अटक झाली. लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली. आधी आग्वादचा किल्ला, मग पोर्तुगालमधला पेनिशचा किल्ला. १९५३ मध्ये ते पोर्तुगालमधून निसटून पॅरिसमार्गे मुंबईला आले आणि पुन्हा कामाला लागले. १९५८ मध्ये मुंबईत वारले. गोवा मोकळा झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला. त्यांना ते बघायला मिळालं नाही. त्यांनी कोणतंही सरकारी पद घेतलं नाही, कुठली तडजोड केली नाही.

याच वाटेवरची आणखी दोन माणसं सांगतो, कारण ती 'नेते' नव्हती. म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका निरोपाच्या मेजवानीत वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचं काही म्हटलं. असल्या वाक्यावर टाळ्या वाजवायच्या आणि जेवायला लागायचं, अशी रीत. गायतोंड्यांनी भर पंगतीत आपला निषेध सांगितला. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि लिस्बनला धाडलं गेलं. एका वाक्याची ही किंमत! दुसऱ्या सुधाताई जोशी, पं. महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात बंदी असताना त्यांनी नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं. त्यांना ठाऊक होतं की भाषण पूर्ण होणार नाही. पोलीस आले, पकडलं, आणि पुढची काही वर्षं तुरुंगात गेली. पुढे त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे यांच्या सत्याग्रहापासून तुकड्या गोव्यात शिरू लागल्या, आणि १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. कॅसलरॉकवरून गोव्यात जाणारी रेल्वेही त्याच वर्षी बंद पडली. आपल्या भागातल्या जुन्या लोकांनी हे सगळं जवळून पाहिलेलं आहे.

आता थोडं ऑस्ट्रियाकडे वळतो. तिथली एक गोष्ट या तिन्ही उत्तरांवर वेगळाच उजेड टाकते.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. वरच्या ऑस्ट्रियात सेंट राडेगुंड नावाचं बोरगावपेक्षाही लहान खेडं. तिथल्या फ्रान्झ येगरश्टेटर या तिशीतल्या शेतकऱ्याला गावचं अध्यक्षपद देऊ केलं गेलं. नव्या राजवटीत आयतं पद! त्याने नको म्हटलं. पुढच्या महिन्यात, १० एप्रिलला, ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झालं. व्हिएन्नाचे कार्डिनल इनित्झर यांच्यासह ऑस्ट्रियाच्या बिशपांनी लोकांना होकार द्यायला सांगितलं होतं. सेंट राडेगुंडमध्ये फक्त येगरश्टेटरने 'नाही' म्हणून मत दिलं. आणि गावाचा निकाल काय कळवला गेला? एकमताने 'हो'.

इथे मी वाचता वाचता थांबलो. येगरश्टेटरची महती सगळे सांगतात, सांगायलाच हवी. पण मला त्या दुसऱ्या माणसाचा विचार सुटेना. ज्याने ती मतं मोजली, एक चिठ्ठी बाजूला सारली आणि कागदावर लिहिलं की विरोधात कोणी नाही. ते गावातलंच कोणीतरी असणार. येगरश्टेटरला ओळखणारं, त्याच चर्चमध्ये जाणारं. एका मताने निकाल बदलणार नव्हता. सगळ्या राज्यात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त 'हो' पडलेच होते. तरीही त्या एका मताची भीती वाटली. गावाचं नाव खराब होईल, वरचे साहेब विचारतील, कशाला लफडं? असं मनाशी म्हणतच त्याने सही केली असेल. 'वरनं आलंय' म्हणणारे लोक पुष्कळदा वरून न आलेलंही करून मोकळे होतात.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. येगरश्टेटरने नाकारलेल्या पदावर दुसरा माणूस बसला होता. १९४० मध्ये येगरश्टेटरला सैन्यात बोलावलं, तेव्हा गावच्या अध्यक्षाने खटपट करून, शेतीला माणूस लागतो असं कळवून, त्याला परत आणलं. पुढच्या वर्षीही गावाच्या अर्जावर तो परत आला. म्हणजे ज्याने खुर्ची घेतली, त्याने त्या खुर्चीची ताकद खुर्ची नाकारणाऱ्याला वाचवायला वापरली! शेवटी १९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा हुकूम आला. येगरश्टेटरने हिटलरसाठी बंदूक धरायला नकार दिला. लिन्झच्या बिशपांनी त्याला बायकामुलांचा विचार करायला सांगितलं. त्याला तीन लहान मुली होत्या. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. युद्ध संपल्यावरही गावातले लोक त्याच्या बायकोलाच बोल लावत राहिले, आणि तिला पेन्शन मिळायला १९५० उजाडलं. कॅथलिक चर्चने त्याला धन्य घोषित केलं ते २००७ मध्ये.

आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्टच लिहितो. इथे बिशप चुकले आणि एक साधा शेतकरी बरोबर निघाला. चर्चने पुढे ते मान्य केलं, हे चांगलं झालं. पण यातून शिकायचं ते असं की मोठ्या पदावरच्या माणसाने सांगितलं म्हणून आपली जबाबदारी त्याच्या डोक्यावर जात नाही. येगरश्टेटरला बिशपांनी वाट मोकळी करून दिली होती. त्याने ती वापरली नाही.

आता माझं मत. वाङ्मय मंडळातल्या माझ्या काही मित्रांना वाटतं की कुन्हा आणि येगरश्टेटर हेच खरे, बाकीचे तडजोडवाले. मला तसं वाटत नाही. सगळ्यांनी तुरुंगात जावं अशी अपेक्षा धरली, तर बहुतेक माणसं 'ते आपल्याला जमणार नाही' म्हणून सरळ मान खाली घालतील. हौतात्म्य हीच एकमेव चांगली वाट मानली, तर आपल्यासारख्या भित्र्या माणसांना भित्रं राहायला परवानगीच मिळते. मिनेझिस ब्रागांझा आणि फ्रोयलानो द मेलो यांचं महत्त्व मला इथे वाटतं. ते पदावर होते. त्यांना काही गोष्टी करता आल्या नाहीत. पण जे त्यांच्या हद्दीत होतं ते त्यांनी केलं, आणि जे चूक वाटलं ते सभागृहात उभं राहून बोलले.

पण उलट टोकालाही जाऊ नये. 'आत राहून काम करतो' हे वाक्य प्रत्येक संधिसाधू माणूस म्हणतो. मग खरा कोण आणि खोटा कोण, हे ओळखायचं कसं? मला यावर एकच कसोटी सुचते. त्या माणसाने खुर्चीवर बसून एखादी गोष्ट अशी केली का, जिच्यामुळे त्याची खुर्ची धोक्यात आली? फ्रोयलानोंनी लिस्बनमध्ये जाऊन हुकूमशहाच्या सभागृहात विरोध केला, म्हणून त्यांचं आत राहणं मी मान्य करतो. सेंट राडेगुंडच्या अध्यक्षाने आपल्याच राजवटीला नको असलेल्या माणसासाठी दोनदा खटपट केली, म्हणून त्याच्याबद्दल माझ्या मनात थोडी जागा आहे. ज्याच्या आयुष्यात अशी एकही गोष्ट सापडत नाही, तो आत राहिला तो स्वतःसाठीच.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडे हुकूमशाही नाही. निवडणूक आहे, कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे, बातमी देणारे आहेत. म्हणून आजच्या कुठल्याही गावच्या मेंबरला नाझी किंवा सालाझारवाला म्हणणं हा मूर्खपणा होईल, आणि त्या काळात मेलेल्यांचा अपमानही. पण माझा मुद्दा नेमका इथूनच सुरू होतो. गायतोंड्यांना एका वाक्यासाठी देश सोडावा लागला. आपल्याकडे तेच वाक्य बोलायला फार तर पुढच्या वेळचं तिकीट जाईल, एखादा कॉन्ट्रॅक्ट जाईल, चार लोक चहा पाजायचे बंद होतील. किंमत एवढी कमी असताना 'वरनं आलंय' म्हणणं जास्त लाजिरवाणं आहे.

एक साधं उदाहरण देतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या निपाणी भागात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू हाताळून, दोरा गुंडाळून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट होतात. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, ही ती बाई नव्हेच. अशी एक आजी दोन-तीन महिने रिकामी पिशवी घेऊन परत जात होती. दुकानदार म्हणे, मशीन घेत नाही. ऑफिसात म्हणे, सिस्टिममध्ये नाही. एक मेंबर म्हणाला, ''मावशी, वरनंच तसं हाय, आमच्या हातात काय न्हाई.'' दुसऱ्या वॉर्डातली एक मेंबर बाई, पहिल्यांदाच निवडून आलेली, तिचं शिक्षण सातवीपर्यंत. तिने आजीला गाडीवर बसवलं, तालुक्याला नेलं, अर्ज लिहून घेतला, खाली स्वतःची सही-शिक्का मारून 'ही बाई माझ्या गावची, मी हिला ओळखते' असं लिहून दिलं, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलली नाही. पुढच्या महिन्यात आजीला धान्य मिळालं.

दोघांचं पद एकच होतं. अधिकारही तेवढेच होते. फरक कशाचा होता? एकाने मशीनचं म्हणणं खरं धरलं, दुसरीने समोर उभ्या असलेल्या बाईचं. मला सेंट राडेगुंडमधली ती बाजूला सारलेली चिठ्ठी आठवते ती अशा वेळी. कागदावर 'नाही' असं लिहिलेलं माणूस प्रत्यक्षात समोर उभं असतं. त्याला बघायचं की कागदाला, हे दिल्लीत ठरत नाही, बेंगळुरूतही ठरत नाही. ते पंचायतीच्या ऑफिसात, सोसायटीच्या काउंटरवर, शाळेच्या हजेरीपटावर ठरतं. मोठ्या सत्तेला गावातला माणूस चेहऱ्याने माहीत नसतो. तो माहीत असतो फक्त लहान पदावरच्या माणसाला. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की त्याच्या हातात जे असतं ते मंत्र्याच्या हातात नसतं.

आपल्यातले बरेच जण यंदा किंवा पुढच्या वेळी पहिल्यांदा मत देतील. काही जण, मला खात्री आहे, पुढे स्वतः उभे राहतील. नाहीतर तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, क्लार्क होतील, मास्तर होतील. खुर्ची कुठलीही असो, सही करायची वेळ येणारच. राजकारण घाण आहे म्हणून लांब राहायचं, असं आपल्याला घरात शिकवतात. मी उलट सांगेन. चांगल्या माणसांनी पंचायतीत जायलाच पाहिजे, पण जाताना एक गोष्ट आधी ठरवून जायला पाहिजे की मी कशावर सही करणार नाही. ते खुर्चीवर बसल्यानंतर ठरत नाही. तोवर उशीर झालेला असतो. येगरश्टेटरने पद नाकारलं तेव्हा त्याच्यासमोर युद्ध नव्हतं, सैन्याचा हुकूम नव्हता. पण आपण काय करणार नाही हे त्याला त्या दिवशीच माहीत होतं, म्हणून पाच वर्षांनी हुकूम आला तेव्हा त्याला नव्याने ठरवावं लागलं नाही.

आणि मत मागायला कोणी दारात आला, तर रस्ता, गटार, पाणी विचाराच. ते विचारायलाच हवं. पण जाता जाता आणखी एक विचारा: ''दादा, निवडून आलात आणि वरनं काही चुकीचं आलं, तर तुम्ही काय करणार?'' तो हसेल. बहुतेक जण हसतीलच. जो हसायचा थांबून विचार करेल, त्याचं चिन्ह नीट बघून ठेवा.